लवूची वाकडी

लवू परबाचा राग नाकावर असायचा, हे घाटकोपरच्या आग्रा रोडवर सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्याला नवं नाव मिळून वर्षं झाली होती, पण गॅरेजवाल्यांच्या तोंडी आग्रा रोडच. सकाळी आठला भाऊराव मोहित्यांच्या गॅरेजचं शटर वर जायचं आणि सव्वाआठला लवूचा आवाज. पाना जागेवर नाही, राग. नट आधी बोटांनी न फिरवता सरळ पान्यानेच आवळला, राग. ‘गाडीतून आवाज येतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कुठून येतो ते सांगता आलं नाही, तर त्याच्यावरही. आता गिऱ्हाइकाला ते कळत असतं तर तो गॅरेजात कशाला आला असता? पण लवूला हे सांगणार कोण.

हाताला मात्र गुण होता. कुडाळकडचं गाव सोडून तो सोळाव्या वर्षी मुंबईत आला, तेव्हा वडिलांनी त्याला आपल्या मिलमध्ये चिकटवला होता. तीन दिवस गेला. चौथ्या दिवशी जॉबरशी, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाशी, भांडला आणि घरी येऊन बसला. वडिलांनी महिनाभर तोंड टाकलं. मग कुर्ल्याला ट्रकच्या एका गॅरेजात लागला आणि तिथं जो तेलात हात घातला तो घातलाच. पुढे ब्याऐंशीच्या संपात मिल कायमची गेली, तेव्हा म्हातारा एकदाच म्हणाला, "भांडलंस ता बरा केलंस." लवूच्या रागाचं आयुष्यात झालेलं कौतुक एवढंच.

गॅरेजात लवूने आवाज चढवला नाही असा एकच माणूस होता, रतन साळवे. रतन जालन्याकडचा, विक्रोळीला पार्कसाइटच्या टेकडीवर राहायचा. कमी बोलायचा. बॉनेटवर हाताचा पंजा ठेवून, डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरात बिघाड आहे. खोलून बघावं तर तिसऱ्यातच. लवूला कान नव्हता, त्याची अक्कल सगळी बोटांत. दोघं एका गाडीवर असले की बोलणं असं होतच नसे, रतन हात पुढे करायचा आणि लवू हवा तो पाना त्यात ठेवायचा. बारा वर्षं हे असं चाललं होतं.

पंच्याऐंशी साली भाऊरावांनी एका बेकरीच्या पावाच्या गाड्यांचं काम घेतलं. बारा डिझेल टेम्पो. पहाटे पाव घेऊन निघणार, गल्लीबोळांत दिवसातून पन्नास वेळा बंद होणार, पन्नास वेळा चालू होणार. मग स्टार्टर खराब होणार नाही तर काय होणार? आणि त्या स्टार्टरचा वरचा नट. ज्या कुणी तो तिथं बसवला त्याच्या सात पिढ्यांचा लवूने एका आठवड्यात उद्धार केला. इंजिन दोन सीटच्या मध्ये, स्टार्टर त्याच्या पोटाशी, आणि वरचा नट थेट मागच्या पत्र्याला चिकटलेला. हात जायचा तर पाना जायचा नाही. पाना गेला तर फिरायचा नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की गिअरबॉक्स उतरवा. म्हणजे एका नटासाठी दोन माणसांचा अख्खा दिवस.

चौथ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवताना लवूच्या डोक्यात तिडीक गेली. "नटासाठी गाडी खोलायची?" तो गाडीखालूनच ओरडला. "उद्या दाढदुखीला डोकं काढतील हे लोक."

दुसऱ्या दिवशी त्याने एक जाड तार घेतली. रतनला म्हणाला, "तुझा हात लांब आहे, घाल आत." रतनने सीटवर पालथं पडून तार आत सरकवली, हात जसा वळेल तशी वळवत नेली, आणि टोक नटाला टेकलं तेव्हा म्हणाला, "टेकलं." मग तसाच्या तसा आकार न मोडता तार बाहेर काढली. बघितली तर दोन ठिकाणी वळलेली, एकदा खाली आणि एकदा आडवी. असला पाना जगात कुणी बनवला नव्हता, कारण जगातल्या कुणाला त्या नटाशी देणंघेणं नव्हतं.

लवूने सतरा नंबरचा एक चांगला रिंग पाना घेतला आणि मानेत कापला. भाऊराव हळहळले, चांगल्या हत्याराचा खून करतोस म्हणाले. त्याने लक्ष दिलं नाही. गॅसवर सळई लाल करून तारेच्या मापाने वाकवली, रिंगेची मान तिला वेल्डिंगने जोडली. पहिली तुटली, कारण घाईत पाण्यात बुडवून गार केली आणि पोलाद कडक बिस्किटासारखं झालं. दुसरी मानेत जाड झाली, पत्र्यामागे शिरेना. तिसऱ्या वेळी मान बारीकच ठेवली. बारीक जागेत वेल्डिंग खोल जात नाही, म्हणून त्याने बाहेरच्या अंगाला, जिथं पत्र्याचा अडसर नव्हता तिथं, थरावर थर चढवून सुपारीएवढी गाठ केली. मग शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची गरम राख डबाभर आणून त्यात पाना रात्रभर पुरून ठेवला. हळूहळू गार झालं की पोलाद ठिसूळ होत नाही.

सकाळी राखेतून काढला तेव्हा तो दिसायला भयंकर होता. काळा, दोन ठिकाणी मोडल्यासारखा, मानेला गळू आल्यासारखी गाठ. भाऊराव म्हणाले, "ही काय वाकडी केलीस रे?" तेच नाव पडलं. वाकडी आत गेली, नटावर बसली, रतनने ओढली आणि नट सुटला. वीस मिनिटांत स्टार्टर बाहेर.

"गाठीला कधी हात लावायचा नाही," लवूने सगळ्यांना बजावलं. "घाण दिसते म्हणून कुणी कानस मारली तर याद राखा. आत काही नाही, सगळा जीव त्या गाठीत आहे." बारा गाड्या, वाकडीने त्या वर्षी किती नट काढले ते कुणी मोजलं नाही. मुलुंडपासूनचे मेकॅनिक ती बघायला यायचे. लवू त्यांच्यावरही खेकसायचा, पण दाखवायचा.

मग आली खंडेनवमी.

भाऊराव कराडकडचे, गॅरेजची खंडेनवमी ते मोठी करायचे. आदल्या दिवशी सगळी हत्यारं डिझेलने धुवायची. नवमीला सकाळी लाकडी पाटांवर लाल कापड घालून त्यांची मांडणी, पाने नंबराने, हातोडे, जॅक, वेल्डिंगची टोपीसुद्धा. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. आणि मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यातल्या एकाही हत्याराला कुणी हात लावायचा नाही. हत्यारं वर्षभर राबतात, दोन दिवस त्यांची सुट्टी. लवू हे मनापासून पाळायचा. देवळात जाणं, उपासतापास, कशातच तो नव्हता, पण पान्याची पूजा त्याला पटायची, कारण पाना काम करतो.

रतन मात्र पूजेला आत यायचा नाही. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला तेव्हाच घरातले सगळे देव नदीत सोडले होते. दसरा त्याचा दुसऱ्या कारणाने मोठा, त्या दिवशी तो पांढरे कपडे घालून बायकापोरांसह विहारात जायचा. नवमीला तो गॅरेजात यायचा, बाहेर जुन्या टायरवर बसून पेपर वाचायचा आणि पेढा दिला की खायचा. भाऊराव तोंडाने कधी काही बोलले नव्हते, पण पाटाजवळचं काम त्यांनी रतनला कधी सांगितलं नाही, आणि ते का सांगत नाहीत हे सगळ्यांना कळत होतं. रतनलाही.

त्या वर्षी बेकरीचे मालक सहकुटुंब दर्शनाला येणार होते आणि फोटोग्राफर बोलावला होता. भाऊरावांनी दोन दिवस आधी गॅरेजला चुना मारला. लवू आदल्या दिवशी नव्हता, भांडुपला त्याच्या चाळीत पाण्याच्या पाइपावरून मारामारी झाली होती आणि अर्थातच लवू तीत होता.

नवमीला सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो गॅरेजात आला. पाटासमोर हात जोडले आणि हात तसेच राहिले. मधल्या पाटावर, सगळ्यांत वर, चांदीच्या रंगात चकचकीत काहीतरी होतं. दोन वळणं ओळखीची. वाकडी. मानेला गळू नव्हतं. मान कशी गुळगुळीत, एकसारखी, वर पांढरा रंग आणि रंगावर हळदकुंकवाची बोटं.

"भाऊ," तो म्हणाला, "हिची गाठ कुठे गेली?"

भाऊराव माळा सारखी करत होते. "अरे, ग्राइंडर मारला जरा. रंग मी स्वतः दिला. पाहुणे येणार, फोटो निघणार, ते गळू दिसायला नको. आता बघ कशी कंपनीची वाटते."

लवूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सांगितलं होतं ना मी? सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ही आता पाना नाही, खेळणं आहे. पहिल्याच नटाला तुटेल."

"मग दसऱ्यानंतर परत वेल्डिंग मार. आज सणासुदीला तोंड नको चालवूस."

लवूचा हात पुढे गेला होता. खरंच गेला होता, वीतभर अंतर राहिलं होतं. मग हळदकुंकू दिसलं आणि हात मागे आला. पूजेत मांडलेलं हत्यार उचलायचं म्हणजे काय, हे त्याच्या हातालाच माहीत होतं. वर्षभराचं बरंवाईट त्यात असतं असं सगळे धरून चालायचे. तो वळला आणि पेढा न घेता बाहेर पडला. टायरवर रतन बसला होता. त्याने पेपरातून मान वर करून विचारलं, "काय रे, आज पण?" लवू म्हणाला, "काय नाय," आणि तरातरा स्टेशनकडे चालता झाला.

घरी बायकोने, शेवंतीने, विचारलं, "काय झाला? जेवूक येतास मां?" तो म्हणाला, "माका भूक नाय," आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दसऱ्यालाही आरतीला गेला नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आठला जायचं, पण लवूने ठरवलं की आज उशिरा जायचं. कळू दे त्या भाऊरावाला. लवू नसला की आठ ते दहा गॅरेजचं काय होतं ते बघू दे. रुसलेल्या माणसाला घड्याळ फार हळू चालतं, पण तो बसला. दोनदा चहा प्याला. दहाला निघाला.

गॅरेजसमोर पावाची गाडी उभी होती, दार उघडं. सीटवर रक्त होतं. पावाच्या क्रेटपर्यंत ओघळ गेला होता. रतन नव्हता.

गाडी आठला आली होती. पाव भरलेले, स्टार्टर बंद. रतन एकटाच होता. त्याने पाटावरून वाकडी घेतली. तो नवमीला आत आला नव्हता, गाठ गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रंग बघून त्याला वाटलं, सणाचा रंग आहे, आणि घाईत मानेकडे त्याने बघितलंच नाही. वाकडी आत घालून नटावर बसवली आणि नेहमीसारखं दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढलं. मान तुटली. उजवा हात सुटून पत्र्याच्या धारेवर गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हीच्या शिरा तुटल्या. इस्पितळात टाके घातले, पण डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितलं की ही दोन बोटं आता मिटणार नाहीत.

आणि भाऊराव काय म्हणाले असतील? बेकरीच्या मालकाला, शेजारच्या गॅरेजवाल्यांना, शांताबाईंना, म्हणजे रतनच्या बायकोला, सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं. घरगुती हत्यार, मी किती वेळा म्हटलं कंपनीचं वापरा, लवू ऐकतो कुठे. संध्याकाळपर्यंत भिंतीवर पाटीसुद्धा लागली, ‘घरी बनवलेली हत्यारे वापरू नयेत. हुकुमावरून.’ रंगाच्या त्याच डब्यातला रंग.

लवूने सीटखालून वाकडीचे दोन्ही तुकडे शोधले. तुटलेल्या तोंडावर सगळं लिहिल्यासारखं दिसत होतं. मधे काळं, पोकळ, आणि कडेला बांगडीसारखी बारीक चकाकी. तेवढ्या वेल्डिंगवर ती उभी होती. बाहेरून ग्राइंडरचे ओरखडे, ओरखड्यांवर रंग. एखाद्या आंधळ्यालाही बोट फिरवून कळलं असतं की कुणी काय केलं. त्याने तुकडे फडक्यात गुंडाळले. भाऊरावाला आता सोडायचं नाही, असं त्याने ठरवलं. आधी रतनला दाखवायचं, मग दोघांनी मिळून भर आग्रा रोडवर त्याची अब्रू काढायची.

तीन दिवसांनी रतन घरी आला, त्या दिवशी लवू पार्कसाइटची टेकडी चढून गेला. शांताबाईंनी दार उघडलं. "या लवूभाऊ," त्या म्हणाल्या, पण बाजूला व्हायला त्यांनी वेळ घेतला. रतन खिडकीशी बसला होता, हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज.

लवूने फडकं सोडलं. रतनने डाव्या हाताने तुकडा घेतला, उजेडाकडे धरला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कुणी घासली?"

"भाऊरावाने. फोटोसाठी. आणि आता माझ्या नावावर बिल फाडतोय. पाटी लावलीय भिंतीवर. तू नुसता उभा राहा माझ्याबरोबर, रतन, बघ त्याची कशी वाट लावतो."

रतन तुकड्याकडेच बघत होता. "तुला कधी कळलं?"

टेकडी चढताना लवूने सगळी उत्तरं तयार ठेवली होती. एवढं एक सोडून.

"नवमीला," तो म्हणाला.

"पाटावर होती तेव्हा?"

"हो."

"मग उचलली का नाहीस?"

"पूजेत मांडली होती रे. हळदकुंकू लागलं होतं. दसरा झाल्याशिवाय हात लावत नाहीत, तुला माहितेय ना."

"मी कुठे होतो?"

लवूने दुसरा तुकडा हातात घेतला.

"मी बाहेर टायरवर होतो," रतन म्हणाला. "दहा पावलांवर. मी तुला विचारलं सुद्धा, काय रे म्हणून. तू काय नाय म्हणालास." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि लवूला वाटत होतं की चढावा. "मला सांगायचंस. मला तुमच्या त्या पाटाचं काय? आत येऊन उचलून नेली असती. भाऊराव बोंबलले असते, बोंबलू दे. तसं मी आत आलेलं त्यांना चालत नाहीच."

शांताबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"आणि त्या दिवशी आठला का नव्हतास? बारा वर्षांत कधी उशीर नाही तुला."

"रुसलो होतो."

"कुणावर?"

"भाऊरावावर."

"मग," रतनने तुकडा फडक्यावर ठेवला, "कळलं का भाऊरावांना?"

लवूने त्या घरातला चहा प्याला नाही. उतारावरून येताना त्याला राग आला होता, आयुष्यात आला नव्हता एवढा, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. भाऊरावावर काढावा तर अर्धाच संपत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो गॅरेजात गेला. बेकरीचे दोन ड्रायव्हर होते, शेजारचे गॅरेजवाले चहाला जमले होते. त्याने भिंतीवरची पाटी उपटली आणि दोन्ही तुकडे भाऊरावांच्या टेबलावर ठेवले. "गाठ घासली यांनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "घासलेली बघून गप्प बसलो मी. रतनचा हात आम्ही दोघांनी घालवला."

भाऊराव गडबडले. "अरे, तू कशाला अंगावर घेतोस? झालं ते झालं."

"सगळं घेत नाही. अर्धं घेतोय. उरलेलं तुमचं आहे, ते उचला."

भाऊरावांनी उचललं की नाही, हे आग्रा रोडवर अजून दोन तऱ्हेने सांगतात. पण पाटी परत लागली नाही, आणि रतनची जागा भाऊरावांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. तेवढं झालं.

तीन महिन्यांनी रतन कामावर आला. उजव्या हाताची दोन बोटं सरळ, जणू कायम काहीतरी दाखवतायत. लवू तार घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "घाल आत," म्हणाला. रतनने त्याच्याकडे बघितलं, मग तार घेतली. या वेळी लवूने दांड्याचं मापही घेतलं, रतनची तीनच बोटं मिटून किती जाडीवर घट्ट बसतात त्याचं. दुसरी वाकडी केली ती दांड्याला पाइप चढवून, आणि मानेवर गाठ पहिल्यापेक्षा दुप्पट. दोन रात्री राखेत ठेवली. रतनने हातात घेऊन बघितली.

"जाड आहे," म्हणाला.

"मग?"

"चालेल."

यापलीकडे ते दोघं त्या विषयावर कधी बोलले नाहीत. माफ केलं असं रतन म्हणाला नाही, लवूनेही विचारलं नाही. गाडीखालून रतन हात पुढे करायचा, लवू पाना ठेवायचा. फक्त पूर्वी रतन बघायचा नाही, आता प्रत्येक पाना एकदा फिरवून बघून घ्यायचा. प्रत्येक वेळी लवूला ते दिसायचं.

पुढच्या खंडेनवमीला भाऊरावांनी पाट मांडले. पाने नंबराने, हातोडे, जॅक. रतनने खिळ्यावरची वाकडी काढली, बाहेर जाऊन टायरवर बसला, ती मांडीवर ठेवली आणि पेपर उघडला. आतून घंटा वाजायला लागली. भाऊरावांनी हाक मारली, "लवू, आरतीला ये रे."

लवू धुतलेला सदरा घालून दारात उभा होता. आत गेला नाही. बाहेर येऊन दुसऱ्या टायरवर बसला, पाटापासून दहा पावलांवर. रतनने पेपरातून मान वर केली.

"काय रे?"

"काय नाय" एवढं लवूच्या तोंडावर आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "जॅकचा पाय वाकलाय. पाटावर आहे. पूजा झाल्यावर कुणी लावला तर गाडी खाली येईल."

रतनने पेपराची घडी केली, उठला, आणि घंटा चालू असताना आत गेला.